काचेच्या फळ्यावरील बंडाची हकीकत

श्रीशारदेच्या पायांशीं खडूचा तुकडा वाहून हकीकत लिहिली ऐसीजे. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरीं, रयत ज्यास शाळा म्हणे ऐशा एका राज्यांत विजेवर उजळणारा काचेचा फळा दाखल जाहला. राज्याच्या धनीण मुख्याध्यापिका सुनंदाबाई निकम यांणीं तो सातवीच्या वर्गांत बसविला आणि तेथील ठाणेदार, भूमितीचे रंगोपंत घाणेकर गुरुजी, बिथरले. गुरुजींची ख्याती मोठी. कंपास न घेतां एका फेऱ्यांत खडूनें वर्तुळ काढीत आणि पोरें आ वासून पाहत. मग गुरुजींनीं मसलत करून इतर शिक्षक फितविले, "वीज गेली की काय मेणबत्ती लावून प्रमेय शिकवायचं?" ऐसें पुसिलें, आणि सर्वांनीं मान डोलाविली आणि फळ्यावर चादर पडली. परंतु पोटांतील गोष्ट निराळी. गुरुजींचा उजवा हात अलीकडे कांपत असे. वर्तुळ आलें कीं पोरांस पुढें बोलावीत, "काढ तू, मी बघतो" म्हणत आणि वेळ मारून नेत. काचेवर रेघ ठळक उमटेल, बिंग फुटेल आणि भूमिती हातची जाईल, या भयानें त्यांस अन्न गोड लागेना.

पुढें खंडेनवमी आली. राज्याची चाल ऐसी कीं त्या दिवशीं फळे पूजावे आणि नव्या फळ्यावर पहिली आकृती वडील गुरुजींनींच काढावी. मुख्यबाईंनीं चादर ओढिली, झेंडूची माळ घातली, आणि शिपाई फळ्यापाशींच नारळ फोडूं लागला त्यास दटावून अंगणांत धाडिलें.

"गुरुजी, वर्तुळ काढा."

"बाई, आज राहू द्या."

"चाल आहे ना."

गुरुजींनीं बोट टेकविलें आणि फिरविलें. वर्तुळ कसलें, पोचा आलेली वाटी जाहली. गुरुजींनीं डोळे मिटून हात काढिला, आणि मग फळ्यानें ती रेघ आपणच सांवरून गोल गरगरीत केली आणि टाळ्या पडल्या. गुरुजींनीं डोळे उघडिले आणि छातीवरचा धोंडा उतरला.

"मी नाही रे, यानं काढलं," ते पोरांस बोलिले. "माझा हात कापतो."

मुख्यबाई हळूच म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. म्हणून तर पहिला फळा तुमच्या वर्गात."

"मग आधी सांगायचं नाही का?"

"सांगायला आले होते. तुम्ही चादर घालत होतात."

सारांश, बंड मोडलें, ठाणें गुरुजींकडेच राहिलें. हल्लीं वीज गेली कीं पहिली तक्रार त्यांचीच असते. इति.