टाइमबाबूची स्पेशल नाव

सगळ्यायच्या डोंग्यानं जावं का आपली अख्खी नाव ठरवावी, एवढीशीच गोष्ट होती. पण टिकारामबाबू शिवनाथ नदीच्या घाटावर उभा राहून तिच्यावर असा तावातावानं बोलला का पाण्यातल्या म्हशीबी माना वर करून पाहू लागल्या.

टिकाराम म्हणजे भिलाईच्या कारखान्यातला टाइमबाबू. गेटापाशी टिनाची खोली, तिले एक खिडकी, अन् खिडकी एवढी लहान का मांजराले आत जायचं झालं तं पोट आवळून जावं लागन. लोकं खिडकीतून हात घालत, पितळेचा बिल्ला ठेवत, अन् बाबू आतून वहीत खूण करे. भोंगा वाजला का खिडकी बंद. मंग मागून कोणी कितीबी रडो, बाबूचं एकच बोलणं.

"टाइम म्हणजे टाइम! हात मागं घे!"

तीन वर्सात त्यानं हजारो हात पाह्यले. तोंड एकाचंबी नाही पाह्यलं. (बायकोचं पाह्यलं होतं, पण तेबी घाईत.)

अन् तो सोता? तीन वर्सात एक डावबी लेट नाही. आज त्या तीन वर्सांचा आखरी दिवस. आजची दोन वाजताची ड्यूटी टायमावर धरली का उद्या साहेब कागदावर सही करन, अन् टिकाराम हेडबाबू होईन. हेडबाबूच्या खुर्चीले हात असते. त्या हातांसाठी टिकारामचा जीव तीन वर्सांपासून टांगलेला.

मंग असल्या दिवशी नदीवर कायले मरायले आला? तं सासूपायी.

सासू मैनाबाई दोन महिने झाले तुमसराहून लेकीकडं आली होती. आली त्याच दिवशी जवाई मोठ्या तोऱ्यात बोलून गेला, "मामी, तुमाले शिवनाथच्या मधातल्या टापूवर नेतो. दिवसभर!" मंग दोन महिने मैनाबाईनं क्वार्टरच्या जाळीतून सेक्टरची लाल धूळ पाह्यली. टापू काही जाळीपाशी आला नाही. उद्या तिची गाडी. काल कमलानं भांडं आदळून सांगितलं, "माह्या मायले टापू नाही दावला तं मीबी तिच्या बाजूले गाडीत बशीन!"

म्हणून सकाळी सकाळी तिघं घाटावर. टिकारामच्या पिशवीत गजराचं घड्याळ, कमलाच्या हातात लाखोळीच्या डाळीच्या वड्यांचं गाठोडं.

घाटावर मथुरा केवटाचा डोंगा उभा होता. त्यात बकऱ्या, सायकली, टोपल्या, अन् टोपल्यायवर बसलेल्या बाया.

"किती वाजता निघते?" टिकारामनं विचारलं.

"भर जाही त निकल जाही, बाबू." मथुरानं बिडी पेटवली.

"भरला का निघते म्हणजे? टाइम सांग!"

"भरे के टाइम."

टिकारामच्या कानाची पाळी लाल झाली. पण मैनाबाई तं लुगडं वर खोचून डोंग्याकडं निघालीबी. "चाला जवाईबापू. माणसं हायेत, बोलणं होईन. एकल्या नावेत काय तिरडीवर बसल्यावानी बसावं?"

"मामी, तुमाले कळत नाही! जिथं टाइम नाही तिथं माणूस नाही!" अन् त्यानं पल्याडच्या लहान नाववाल्याले हाक मारली. "ए! अख्खी नाव. स्पेशल. मी म्हणन तवा निघायचं, मी म्हणन तवा थांबायचं. जमते?"

"जमते बाबू," नाववाला म्हणे. त्यानं मान तिरपी केली, जसा आवाज कुठंतरी आयकला हाय.

नावेत मैनाबाईचं तोंड कायचं बंद राह्यते. काठ सुटला नाही तं तिनं विचारलं, "कोण गावचा रे बापू?"

"भंडाऱ्याकडला, माय. हिरालाल. वैनगंगेवर डोंगे चालवले, आता पलांटात ओझं उचलणारा खलाशी हावो. आज दोनची पाळी हाय. सकाळून नाव चालवून घेतो."

"अन् अंगठ्याले काय झालं?"

हिरालालचं नख जांभळं, पिकल्या वांग्यावानी. "मंगळवारी तीन मिनिट लेट झालो, माय. बिल्ला ठेवाले हात घातला, तं टाइमबाबूनं खिडकी हातावरच लोटली. आधा दिवस गेला, अन् नख गेलं ते वेगळंच. तोंड नाही दिसलं त्याचं, नाही तं..."

मैनाबाईनं जवायाकडं पाह्यलं. जवाई पाण्याकडं पाहून राहिला होता. इतक्या बारकाईनं का जसे मासे मोजाचे हायेत. उतरेलोक त्यानं मान वर नाही केली. (कमला म्हणे, लग्न झाल्यापासून एवढं पाणी त्यानं कवा पाह्यलंच नव्हतं.)

टापूवर वाळू मऊशार, मधात काकडीच्या वाड्या, पल्याडच्या टोकाले चिंचेची झाडं. मैनाबाई पोरीवानी हरखली. तिनं पाय धुतले, वाडी वाडी हिंडली, मंग वाळूत बसली, गाठोड्याची गाठ सोडाले हात घातला, अन् टिकारामनं गोट्यावर ठेवलेलं घड्याळ कोकललं.

"चाला! साडेअकरा! निघा!"

"अजून वडा तोंडात नाही गेला!" मैनाबाईचा आवाज चढला. "चिंचा नाही पाह्यल्या. दोन महिने थांबवलं अन् दोन घंट्यांचा टापू? दिवसभर म्हटलं होतं तुमी!"

"मामी, टाइम म्हणजे टाइम!"

नावेत हिरालालची मान गर्रकन फिरली. त्यानं आपल्या जांभळ्या नखाकडं पाह्यलं, मंग बाबूकडं. आता मालूम झालं त्याले तोंड कसं असते ते.

टिकाराम फणफणत झाडीमागं गेला. (रागात त्याले नेहमीच जावं लागे.) तेवढ्यात मैनाबाई नावेपाशी.

"हिरालाल, तुले दोनची पाळी हाय ना? मंग थांबला कावून? जाय."

"बाबूले सोडून? स्पेशल केली हाय, माय."

"तो मागून डोंग्यानं येईन. बकऱ्यायसंगं. थोडी जिरू दे त्याची. तुह्यं नख पाहून माह्यं डोस्कं फिरलं हाय, तू जाय!"

हिरालालनं एक डाव नखाकडं पाह्यलं अन् वल्हं मारलं.

टिकाराम झाडीतून आला तवा नाव अर्ध्या नदीत. "ए! थांब! मी म्हणन तवा निघायचं ठरलं होतं!"

तिकडून आवाज आला, "ड्यूटीले लेट होते, बाबू! टाइम म्हणजे टाइम!"

टिकारामनं वाळूत पाय आपटले, तं वाळू त्याच्याच डोळ्यात गेली. "कोणी पाठवलं त्याले?"

"मी!" मैनाबाई कमरेवर हात ठेवून उभी. "हा पाहा डोंगा लागलाच हाय. बसा, अन् जा टायमावर. आमी मायलेकी चिंचा खाऊन सांजी येतो."

खरंच मथुराचा डोंगा कडेलेच होता, काकडीच्या टोपल्या चढून राहिल्या होत्या. पाऊल टाकलं असतं तं दीड वाजता बाबू आपल्या खिडकीत बसला असता. पण रागानं माणसाचं पाऊल जड होते.

"मी स्पेशल केली हाय! स्पेशलनंच जाईन! हेडबाबू होणारा माणूस बकरीच्या मांडीवर बसून जाईन का?"

"बकरीले मांडी कुठं असते?" कमला हळूच म्हणे. "अवो, बसा ना!"

"तू गप! तुह्या मायनं माह्या जिंदगीचा सत्यानास केला!"

"सत्यानास तुमी पोराच्या नखाचा केला!" मैनाबाई कडाडली. "हातावर खिडकी लोटता? अन् वरून चूप बसून मासे मोजता?"

"बाबू, आथस का?" येता का म्हणून मथुरानं विचारलं.

"मधात बोलू नको!"

"बाबू, भर गे हे."

"म्हटलं ना, मधात बोलू नको!"

तिसऱ्या डाव मथुरानं विचारलं नाही. बांबू टेकवला अन् डोंगा सोडला. टिकाराम अजून बोलूनच राहिला होता. नियम, स्पेशल, मामी, खानदान, सगळं सगळं बोलून झालं तवा त्यानं मागं पाह्यलं. कडेले कोणीच नव्हतं. एक बगळा होता, तोबी उडाला.

"आता दुसरा डोंगा कवा?" त्यानं वाडीवाल्या बाईले विचारलं.

"भरला का," ती म्हणे.

दोन वाजले. हवा तिकडचीच होती. दुरून, नदीवरून, अगदी बारीक, कारखान्याचा भोंगा आयकू आला. टिकारामनं दोन्ही हातांनी कान दाबले.

मैनाबाईनं पुढं वडा धरला. राग तं तिचाबी उतरला नव्हता. "घ्या, जवाईबापू. आता टाइमच टाइम हाय."

डोंगा भरला साडेतीनले. बाबूच्या एका बाजूले बकरी, दुसऱ्या बाजूले बकरी.

इकडं गेटावर काय झालं होतं, ते त्याले कुठं मालूम! नाव धुऊन, बांधून हिरालाल पोहोचला पावणेदोनले. नखाचा राग होता, पण तो सोता नाववाला होता, सवारीले मधात सोडून आल्याचं मनाले लागलं. त्यानं खिडकीले तोंड लावून सकाळच्या पाळीच्या रामाजीबाबूले सांगितलं, का टाइमबाबू टापूवर राह्यले. रामाजी भला माणूस. त्यानं टिकारामच्या नावापुढं दोन वाजताची खूण केली, अन् त्याच्या जागी बसून राहिला. चार वाजता साहेब येऊन आत बसले, टिकाराम कुठं म्हणून विचारलं, तं रामाजी म्हणे, "आता होते साहेब, कारखान्यात गेले हायेत." सगळं साफ जमलं होतं. टिकारामनं फक्त मागच्या दारानं हळूच आत शिरायचं होतं.

पण टिकाराम पाच वाजता आला तो भट्टीवानी तापून. मागचं दार त्याले सुचलंच नाही. बिल्ला धरून सरळ खिडकीत हात घातला.

"लिहा! लिहून टाका! टिकाराम टाइमबाबू, तीन घंटे लेट!"

"हात मागं घ्या," आतून रामाजी कुजबुजला. "तुमी दोनलेच आले, वहीत खूण हाय."

"कोण म्हणते दोनले आलो? दोनले मी टापूवर होतो! बगळा साक्षीले हाय!"

"बाबू, गप राहा ना..."

"कावून गप राहू? तीन वर्सात कोणाची खोटी हाजरी लावली नाही मी! आज माह्यी कोणी लावली? त्याले पह्यले साहेबापुढं उभा करा!"

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मंग त्या लहानशा खिडकीतून एक गोरापान हात भायेर आला, त्यानं टिकारामचा बिल्ला उचलला, अन् साहेबाचा आवाज आला, "भले आदमी, अंदर आओ. ज़रा तुम्हारा मुँह भी देखें."

रामाजीले खोट्या हाजरीसाठी दम मिळाला. पण साहेबालेबी माणसाचं मन कळत असन, कावून का महिन्यानं हेडबाबू रामाजीच झाला. हात असलेल्या खुर्चीवर बसून त्यानं पह्यलं काम काय केलं, तं सुतार बोलावून ती खिडकी चांगली हातभर मोठी करून घेतली, तोंड दिसेलोक.

टिकाराम अजून तिथंच बसते, बिनहाताच्या खुर्चीवर. अन् दोनच्या पाळीच्या दिवशी, दोनले बरोबर पाच मिनिट कमी असताना, हिरालाल खिडकीतून अख्खं मुंडकं आत घालते, बिल्ला ठेवते, अन् सगळ्या रांगेले आयकू जाईन असं विचारते,

"बाबू, रविवारी स्पेशल पाह्यजे, का बकऱ्यायसंगंच बरं?"