एवढी विहीर होऊ दे

थिसलगेट पेट्रोलियम या कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा दर जूनमध्ये लंडनला, सोमवारी सकाळी नऊ वाजता भरते. भागधारकांना आपलं म्हणणं मोकळेपणाने मांडता यावं म्हणून ही सभा असते, आणि ते मांडायला त्यांना येता येऊ नये म्हणून ही वेळ असते. कंपनीचे छोटे भागधारक म्हणजे आम्ही, बहुतेक इंग्लंडच्या उत्तरेकडचे, निवृत्त, गुडघेदुखीचे लोक. लंडनच्या पहाटगाडीचं तिकीट काढायचं तर शेअर विकावे लागतात, आणि शेअर विकून तेवढं तिकीट निघत नाही.

तरीही या वर्षी बोल्टनच्या विल्फ्रेड हेस्केथने जायचं ठरवलं. विल्फ हा निवृत्त ड्रायव्हिंग परीक्षक. सारी नोकरी त्याने शिकाऊ चालकांच्या शेजारी बसून त्यांना नापास करण्यात घालवली. कारण बहुधा एकच असायचं. "आरशात बघितलं नाहीत," एवढं बोलून तो निकालाचा कागद हातात द्यायचा. बायका रडल्या, एका पाद्र्याने तर अस्सल शिवी हासडली, पण विल्फ बधला नाही. अशा खमक्या माणसाने निवृत्तीची पुंजी उचलून एकाच तेलकंपनीत घातली, कारण बोलिंग क्लबातल्या कुणाच्या तरी मेहुण्याकडे आतली बातमी होती.

कंपनी आयरिश समुद्रात विहिरी खणते आणि अध्यक्ष ऑब्री पेलहॅम त्यांना आपल्या कुत्र्यांची नावं देतात. पहिली विहीर बस्टर. ती कोरडी निघाली. 'बस्टर तांत्रिकदृष्ट्या पूर्णतः यशस्वी ठरली असून, तेलाचा अभाव वगळता सर्व अपेक्षा पूर्ण झाल्या आहेत,' असं निवेदन आलं. मग डेझी. डेझीत पाणी लागलं. समुद्रात पाणी शोधून काढल्याबद्दल संचालकांना बोनस मिळाला. दर विहिरीनंतर कंपनीचे पैसे संपत, नवे शेअर निघत आणि जुन्यांची किंमत पातळ ताकासारखी होई. शेवटी शेअर इतका स्वस्त झाला, की कंपनीने शंभर जुने मोडून त्यांचा एक नवा केला. त्या सकाळी भाव एकदम शंभरपट दिसला आणि विल्फने स्वयंपाकघरात बायकोला मिठी मारली. नाश्ता होईतो त्याला खुलासा झाला होता, पण मारलेली मिठी परत घेता येत नाही.

बायको डोरीन. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. सुरुवातीला या शेअरमधून मोरकमला समुद्राकाठी बंगला होणार होता, बिनजिन्याचा. डेझीनंतर बंगल्याचा तळमजल्यावरचा फ्लॅट झाला. आता उरलेले शेअर विकले तर जिन्याला बसवायची ती विजेची खुर्ची, बटण दाबलं की माणसाला वर नेणारी, तेवढी येत होती. तीही कुणीतरी वापरलेली. तिच्या बयाण्यापुरते पैसे डोरीनने दोघांच्या खात्यात बाजूला टाकले होते. गेला हिवाळाभर ती खालच्या सोफ्यावरच झोपत होती.

"विल्फ, शेअर आजच विकून टाक," सभेला निघताना ती म्हणाली. "त्या सभेत जाऊन काय मिळणार तुला?"

"न्याय."

"न्यायावर बसून मला वर जाता येतं का?"

"अगं, आधी त्या पेलहॅमला खाली उतरवतो. तो गेला की भाव चढेल. चढला की विकतो. संध्याकाळी खुर्ची सांगून टाकू. शब्द आहे माझा."

"शब्द नको, पावती आण," डोरीन म्हणाली आणि त्याच्या खिशात सँडविच कोंबलं.

विल्फची तयारी जय्यत होती. एक गोष्ट सांगायला हवी, की आमचे शेअर आमच्या नावावर नसतात, दलालाच्या खात्यात असतात. त्यामुळे कायद्याच्या नजरेत आम्ही कंपनीचे मालकच नाही. मालकी दलालाची, नुकसान तेवढं आमचं. इंटरनेटवर भागधारकांच्या गप्पांची एक फळी आहे, तिच्यावर आम्ही वर्षानुवर्षं संचालकांना शिव्या घालत होतो, पण मत द्यायचा विचार कुणाला सुचला नव्हता. विल्फने दलालांना फोन करकरून त्यांचा जीव नकोसा केला आणि आम्हा सगळ्यांची मतं स्वतःच्या नावावर गोळा केली. संचालकांकडे स्वतःचे शेअर जवळजवळ नव्हतेच, कारण ते तेलातले जाणकार. तेव्हा अध्यक्ष राहणार की जाणार, हे त्या दिवशी बोल्टनच्या एका पेन्शनराच्या हातात होतं.

सभा वकिलाच्या कचेरीत होती. दारात एका मुलीने विल्फच्या कोटाला 'भागधारक' अशी हिरवी चिठ्ठी चिकटवली आणि त्याच्यामागे आलेल्या ग्लेनिस टजला 'पाहुणा' अशी पिवळी. ग्लेनिस ही विगनची केशकर्तनवाली, आमच्या फळीवरची सगळ्यात जहाल बाई.

"पाहुणा? अगं पोरी, माझं अख्खं सलून तुमच्या समुद्रात बुडालंय!"

"पाहुण्यांना मत नसतं मॅडम, आणि प्रश्न विचारता येत नाहीत. बिस्किटं घेता येतात."

"सलून गेलं तर निदान बिस्किटं तरी," म्हणत ग्लेनिसने बशीच उचलली. विल्फच्या भरवशावर उसनवारी करून आलेले आम्ही बाकीचेही पिवळ्या चिठ्ठ्या लावून तिच्या मागे बसलो. सगळ्यांचे डोळे विल्फच्या पाठीवर खिळले होते.

हिशेब मंजूर झाले. संचालकांच्या पगारवाढीची नोंद घेण्यात आली. मग ठराव आला, पेलहॅम यांच्या फेरनियुक्तीचा. विल्फ उठून उभा राहिला.

"अध्यक्ष महाशय, बस्टर कोरडी निघाली. डेझी पाण्याने भरली. त्यातून काय शिकलात? एकदा तरी मागे वळून बघितलंत?"

"फार मार्मिक प्रश्न, मिस्टर हेस्केथ," पेलहॅम हसून म्हणाले.

"हा प्रश्न नाही. मी तुम्हाला नापास करतोय."

पिवळ्या रांगांत टाळ्या कडाडल्या. ग्लेनिसने तर तोंडात बिस्किट असताना शिट्टी मारायचा प्रयत्न केला आणि समोरच्या लेखापालाच्या टकलावर चुरा उडवला. पेलहॅम वकिलाच्या कानाला लागले. मग ते उठले. चेहरा असा, जणू घरात कुणी आजारी आहे.

"लोकशाहीचा मी आदर करतो. मी आनंदाने जाईन. फक्त सभेच्या माहितीसाठी सांगतो, पुढच्या महिन्यात आपण नवी विहीर खणतोय. प्रिन्सेस. मात्र अध्यक्ष बदलला तर खोदाईच्या जहाजाचा करार आपोआप रद्द होतो. प्रिन्सेस ही आमच्या तज्ज्ञांच्या मते आजवरची सर्वांत आशादायक विहीर आहे."

"डेझीच्या वेळीही हेच म्हणाला होतात!" विल्फ गरजला.

"डेझीपेक्षाही आशादायक."

"किती तेल असेल?" मागून ग्लेनिसने विचारलं. पाहुण्यांना प्रश्न विचारता येत नाहीत, पण हा प्रश्न कुणी अडवला नाही.

पेलहॅम यांनी आवाज खाली आणला. "बाईसाहेब, तो आकडा जाहीर करायला मला कायद्याने मनाई आहे."

झालं! कायद्याने मनाई करण्याइतका मोठा आकडा! सभागृहातून एक सुस्कारा गेला. कंपनी बुडवल्याबद्दल ज्यांना या माणसाचं मुंडकं हवं होतं, ते सगळे खुर्चीच्या कडेवर सरकले. ग्लेनिसने विल्फच्या कोटाची बाही ओढली.

"विल्फ, एवढी विहीर होऊ दे."

"अगं, तूच ना म्हणत होतीस, याला खुर्चीसकट खिडकीतून फेकायचं?"

"म्हणत होते. अजूनही म्हणते! फेकायचंच आहे मेल्याला. पण विहीर झाल्यावर."

"होऊ दे, विल्फ," मागच्या रांगाही पुटपुटल्या. "आता इतकी वर्षं थांबलोच आहोत तर..."

विल्फने मागे वळून आमच्याकडे बघितलं. आमच्यावर तो रागावला असता तर बरं झालं असतं. पण खरं सांगायचं तर त्यालाही ती खुर्ची दिसत होती, बटण दाबताच हळूहळू वर जाणारी डोरीन दिसत होती, आणि जिना संपला तिथे बेडरूमच्या जागी चक्क मोरकमचा समुद्र होता. त्याने हात वर केला. कंपनीच्या इतिहासातल्या सर्वाधिक मतांनी पेलहॅम पुन्हा निवडून आले, आणि ती सगळी मतं बंडखोरांची होती.

अध्यक्षांनी या विश्वासाबद्दल आभार मानले. त्या विश्वासाची परतफेड म्हणून निष्ठावंत छोट्या भागधारकांसाठी सवलतीच्या दरात नवे शेअर काढल्याचं त्यांनी जाहीर केलं. मुदत आज संध्याकाळपर्यंत. बाहेरच्या व्हरांड्यात जी रांग लागली, तिच्यात दोन नंबरला विल्फ होता. पहिली ग्लेनिस.

घरी आला तेव्हा डोरीन जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती.

"काढलंस त्याला?"

"चांगला झापला. सगळ्यांदेखत."

"आणि शेअर विकलेस?"

विल्फने खिशातून कागदी रुमालात गुंडाळलेली दोन चॉकलेटची बिस्किटं काढून तिच्या मांडीवर ठेवली. डोरीनने पावतीसाठी रुमाल उलटा करून बघितला.

"बयाण्याचे पण घातलेस?"

"अगं, प्रिन्सेस लागली ना, की खुर्ची कशाला हवी? थेट बंगला!"

डोरीन ओरडली असती तर विल्फला सोपं गेलं असतं.

"तू लोकांना नापास करायचास तेव्हा पुढे काय सांगायचास रे?"

"पुन्हा अर्ज करा म्हणायचो."

"आणि करायचे?"

"सगळेच."

"आरशात न बघता सातव्यांदा नापास झालेले पण?"

"ते तर तिथेच पेन मागायचे."

डोरीनने कठडा धरला आणि उठली. सोफ्यावर पाठ मोडते, आज वरच झोपणार, म्हणाली. तिने एक पाय ठेवला, दुसरा ओढला, थांबली. विल्फ मागून तिच्या पाठीला दोन्ही हात लावून ढकलत होता. दोघांनाही धाप लागली होती. मधल्या वळणावर ती बसली आणि दोघांनी एकेक बिस्किट खाल्लं.

प्रिन्सेस ऑगस्टमध्ये कोरडी निघाली. तेलही गेलं, तूपही गेलं, म्हणतात तसं म्हणायचीसुद्धा आमची सोय नाही, कारण तेल कधी आलंच नव्हतं. पेलहॅम यांची कुत्री संपली, म्हणून पुढच्या विहिरीला त्यांनी मांजरीचं नाव दिलंय. येत्या जूनला आम्ही सगळे पुन्हा लंडनला जाणार आहोत, आणि या वेळी त्याला सोडायचं नाही, हे पक्कं ठरलंय. शेअर मात्र सध्या मातीमोल आहे, अगदी चहाच्या घोटाच्या भावात.

हसा, खुशाल हसा आम्हाला. पण नेमका भाव काय, हे आत्ता तुमच्या मनात येऊन गेलंच ना? मग जूनला या तुम्हीही, सरकून बसतो आम्ही. बिस्किटं मात्र आल्या आल्या उचला.