गंबो म्हणजे भेंडी

वर्तकनगरात मालन धुरी यांचं पोळीभाजी केंद्र आहे. एका मंगळवारी तिथल्या फळ्यावर झुणका, वालाची उसळ आणि कोलंबीभात यांच्याखाली 'गंबो' असं चौथं नाव लिहिलं गेलं आणि खाद्यनाम पडताळणी कक्षाला पहिल्यांदाच काम मिळालं. हा कक्ष कधी स्थापन झाला ते कक्षालाही ठाऊक नव्हतं. पण त्याच्याकडे दोन खुर्च्या, एक शिक्का आणि 'नमुना ग' नावाचा फॉर्म होता. नियमही साधा होता. अर्थ न कळणारं नाव फळ्यावर दिसलं, की अर्थ सिद्ध होईपर्यंत अख्खा फळा बंद आणि फळ्यामागचं केंद्रही बंद.

टाळं लागल्यावर मालनताई बुधवारी फॉर्म भरायला हजर झाल्या. पडताळणी अधिकारी साकेत टिपणीस यांनी रकाना चार वाचला.

"पदार्थाच्या नावाचा अर्थ व उगम."

"माझी मुलगी शिवानी बोटीवर स्वयंपाक करते, साहेब. तिला एका क्रिओल बाईनं हा रस्सा शिकवला. अमेरिकेत लुईझियाना म्हणून आहे, तिकडचा. कोलंबी घालून घट्ट करायचा आणि भातावर घ्यायचा."

"ठीक. अर्थ?"

"भेंडी."

टिपणीसांचं पेन थांबलं. ठाण्यात भेंडी ही भाजी आहेच, शिवाय पूर्ण शिवी द्यायला जो धजत नाही त्याची ती सोयही आहे.

"बाई, मी सभ्य भाषेत विचारतोय."

"अहो, मी पण सभ्यच सांगतेय. भेंडी!"

"आमचा नातू गाडी चालू नाय झाली का हेच बोलतो, साहेब," शिपाई धाकूंनी स्टुलावरून तज्ज्ञाचं मत दिलं. ते आठ महिन्यांनी निवृत्त होणार होते आणि आजवर त्यांना कोणी मत विचारलं नव्हतं. आजही विचारलं नव्हतंच.

टिपणीसांनी शेरा मारला : 'अर्थ विचारला असता अर्जदाराने कक्षात दोनदा अपशब्द उच्चारला.' शेऱ्यामुळे प्रकरण शिष्टाचार उपसमितीकडे गेलं. उपसमितीनं अपशब्द प्रत्यक्ष सादर करायला सांगितला, म्हणून मालनताईंनी पाव किलो भेंडी नेली. पंचनाम्यात 'हिरवट, लांबट, किंचित लव असलेले अपशब्द, नग बावीस' अशी नोंद झाली आणि ते सीलबंद झाले. आठवड्यानं सील उघडलं तर अपशब्द काळे पडलेले. पुराव्याचं स्वरूप बदलल्याबद्दल नोटीस मालनताईंनाच आली.

टिपणीस मनानं वाईट नव्हते. "ताई, कशाला त्रास करून घेता?" ते म्हणाले. "नुसतं 'घट्ट रस्सा' लिहा आणि संध्याकाळी केंद्र उघडा."

"नाही लिहिणार. त्या क्रिओल बाईच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून धरून नेलं, साहेब. जहाजात कोंबलं, त्यांची नावंसुद्धा काढून घेतली आणि दुसरी ठेवली. सगळं गेलं, पण भेंडीला आपला शब्द होता, गंबो, तो तोंडात राहिला. मालकांना तो पुसता आला नाही, आणि मी वर्तकनगरात ओल्या फडक्यानं पुसू?" टिपणीसांना भरून आलं, पण त्यासाठी फॉर्मवर रकाना नव्हता.

पोटकलम मात्र एक होतं. पाच साक्षीदारांनी अर्थाचा शब्द स्वहस्ते लिहून खाली नाव, पत्ता, मोबाइल नंबर आणि सही द्यायची. शुक्रवारी पाचपर्यंत, नाहीतर केंद्राचा परवाना कायमचा रद्द.

मालनताई हरखल्या. गिऱ्हाइकं घरचीच होती. महिपत राण्यांनी तर पहिल्याच दिवशी तीन वाट्या गंबो खाल्ला होता, आणि वर्तकनगर ते माजिवडा एवढ्या अंतरात ते हा शब्द गाडीच्या काचेतून सात वेळा तरी उच्चारतात. त्यांनी पेन हातात घेतलं, फॉर्म पाहिला आणि पेन परत दिलं.

"तोंडी कितीही वेळा सांगतो, ताई. पण लेखी नको. मुलीच्या स्थळाचं चाललंय."

समोरच्या इमारतीतल्या प्राध्यापिका उत्तराबाईंनी 'एक फळभाजी' असं लिहिलं. ते बाद झालं. मासळीबाजारातल्या तिघींनी मात्र माशांचे हात पदराला पुसून एका दमात शब्द लिहिला आणि सह्या ठोकल्या. चौथी सही धाकूंनी केली, तीही कक्षातच, टिपणीसांच्या नाकासमोर.

आज शुक्रवार. साडेचार वाजलेत आणि पाचवी ओळ रिकामी आहे. तुम्ही इथवर वाचलंत, मालनताईंची बाजू तुम्हाला पटली, एकदोनदा हसलातही. अर्थ तुम्हाला पाठ आहे, आणि उच्चाराचा सराव आहे तो वेगळाच. हा घ्या फॉर्म, हे पेन. शब्द, नाव, पत्ता, सही.

काय म्हणालात? घरी विचारून सांगता?