दिघेकाकांनी लॅपटॉप साफ केला

"साफ करायचा? त्यात काय एवढं! छत्तीस वर्षं सरकारी रेकॉर्ड रूम सांभाळली आहे मी. ट्रक भरभरून फायली निकाली काढल्यात. तुझ्या या एवढ्याशा डब्यात असं काय असणार आहे?"

बाळकृष्ण दिघे हे बोलले तेव्हा शनिवारची संध्याकाळ होती आणि लॅपटॉप त्यांच्या काखेत जाऊन बसला होता. दारात शलाका उभी होती. इंदूरच्या जुनी इंदूर भागातली त्यांची समोरची शेजारीण, शाळेत गणित शिकवणारी. तिने नवा लॅपटॉप घेतला होता, म्हणून जुना काकांना देत होती.

"काका, उद्या दुपारपर्यंत थांबा ना. रजत टूरवरून आला की सगळं क्लीन करून देईल. माझं अकाउंट चालू आहे त्यात."

"नवऱ्याला जरा आराम करू दे! आणि घाबरू नकोस. तुझी एकही खाजगी गोष्ट मी बघणार नाही. शब्द आहे माझा."

हा शब्द काकांनी अक्षरशः पाळला. सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.

सुहासिनीकाकूंना जाऊन दहा महिने झाले होते. घरातलं फोनचं, गॅसचं, बिलांचं सगळं त्याच बघत. काका फक्त "झालं का?" एवढं विचारायचे. आता विचारायलाही कोणी नव्हतं. मुलगी संहिता बंगलोरला. ती दर रविवारी म्हणायची, "बाबा, तुम्हाला एकट्याला नाही जमणार, इकडे या." जमतं, हे काकांना तिला मोठ्या पडद्यावरून व्हिडिओ कॉल करून दाखवायचं होतं.

रविवारी सकाळी कचरागाडी गाणं वाजवत येऊन गेली, आणि काकांनी लॅपटॉप मांडीवर घेऊन उघडला. पडद्यावर शलाकाचं नाव आणि तिचा हसरा फोटो आला. नव्या घरात राहायला जावं आणि दारावर जुन्या भाडेकरूची पाटी असावी, तसं काकांना वाटलं. पहिलं काम पाटी बदलण्याचं! त्यांनी नाव बदलायला घेतलं, पण पडदा पासवर्ड मागू लागला, म्हणून शलाकाचा फोटो तेवढा पुसला. मग पडद्याने विचारलं, नवा फोटो काढू? काढ म्हणाले. लॅपटॉप मांडीवर, काका वरून वाकलेले. फोटोत दोन प्रशस्त नाकपुड्या आल्या आणि वर पंखा. पासपोर्टला चालला नसता, पण ओळख पटण्यापुरता होता.

मग फोटोंची पाळी आली. पान उघडताच चिमुकल्या चौकोनांचा समुद्र पसरला. काकांनी झटकन मान फिरवली. परक्या घरातल्या बायकामुलींचे फोटो! ते उठले, आंघोळीचा पंचा आणला आणि पडद्यावर असा टाकला की वरची दोन बोटं पट्टी तेवढी उघडी राहिली. सगळं एकदम कसं निवडायचं, हे त्यांनी आदल्या दिवशी मोबाइलवर बघून ठेवलं होतं. पंचाच्या आडून निवडलं. दाबलं.

लॅपटॉपने विचारलं, "हे फोटो सर्व उपकरणांवरून काढून टाकले जातील. पुढे जायचं?"

सर्व उपकरणं म्हणजे माऊस, कीबोर्ड वगैरे, असं काकांनी धरलं. छत्तीस वर्षं ते मजकूर न वाचता "मान्य" वर सही करत आले होते. इथे तर वाचला होता! मान्य.

चार हजार तीनशे बारा फोटो गेले, पण गेले कुठे? कचरापेटीत. आणि खाली लिहिलं होतं की पेटी साठ दिवसांनी आपोआप रिकामी होईल.

साठ दिवस! अहो, स्वच्छतेत देशात पहिल्या येणाऱ्या इंदुरात ओला कचरा साठ तास घरात राहिला तर माणूस गल्लीत तोंड दाखवत नाही! काकांनी पेटी तिथल्या तिथे रिकामी केली. मग खुशीत स्वतःसाठी पोहे केले. मीठ घालायला विसरले, तरी सगळे खाल्ले.

साडेबाराच्या सुमारास गल्लीच्या ग्रुपवर शलाकाचा मेसेज आला. "माझं अकाउंट कुणीतरी हॅक केलंय. सगळे फोटो डिलीट केले. प्लीज, सगळ्यांनी पासवर्ड बदला."

गल्लीत खळबळ उडाली. कोपऱ्यावरच्या उदयसिंहांनी इंदुरी हिंदीत लिहिलं, "भिया, मिल जाए तो चौराहे पे उलटा टांग देंगे!"

काकांचं रक्त उसळलं. एवढ्या गुणी मुलीशी असं कोण वागलं? त्यांनी एका बोटाने, अकरा मिनिटं खपून उत्तर लिहिलं. "अशा माणसावर आईवडिलांनी संस्कार केले नसावेत. त्याला भर चौकात उभे करावे. – बा. कृ. दिघे." मेसेजला भराभर सतरा अंगठे आले. काकांनी सदरा चढवला आणि धीर द्यायला समोर गेले.

शलाका सोफ्यावर रडून लाल झालेली. रजत नुकताच आलेला, बॅग अजून खांद्यावर. चार वर्षांची निधी टेबलाखाली बिस्किट खात होती.

"कोण असेल हा हरामखोर?" काका दारातूनच गरजले. बायकांसमोर त्यांनी आयुष्यात शिवी दिली नव्हती. आज प्रेमापोटी दिली.

"काका, माझा जुना फोन निधीने पाण्याच्या टाकीत टाकला ना, तेव्हापासून सगळं त्या अकाउंटवरच होतं हो," शलाका म्हणाली. "तिचा जन्म, बारसं, पहिलं पाऊल..."

"नीच माणूस!"

"आणि काकूंचा व्हिडिओ होता."

"कुठल्या काकूंचा?"

"आपल्या. बारशाच्या दिवशी दोन मिनिटं बोलल्या होत्या. तुम्हाला द्यायचा होता, पण हिंमतच होत नव्हती. म्हटलं, वर्षश्राद्ध झालं की देऊ."

काका खुर्चीत बसले. घरी काकूंचे फोटो होते, अल्बमभर. आवाज कुठेच नव्हता. आपण तो दहा महिन्यांत ऐकला नाही, हे त्यांच्या एकदम ध्यानात आलं.

"त्या चोराला..." त्यांनी सुरुवात केली आणि चष्मा काढून सदऱ्याला पुसायला लागले.

"रुको, लॉगिन झालं!" रजत मोबाइलवर वाकला. "अरे, क्या बेशरम आदमी है! याने अकाउंटवर स्वतःचा फोटो लावलाय!"

"दाखव! दाखव इकडे!" काकांनी चष्मा चढवला.

रजतने फोटो मोठा केला. आधी नाकपुड्या आल्या. मग पंखा. टेबलाखालून निधी बाहेर आली, तिने पडद्यावर बोट ठेवलं आणि आनंदाने ओरडली, "दिघेआजोबा!"

तेवढ्यात काकांच्या खिशातला फोन वाजला. त्यांच्या मेसेजला अठरावा अंगठा आला होता.

"काका," रजत हळूच म्हणाला, "तुम्ही फोटो डिलीट केलेत?"

"लॅपटॉपमधले केले. हिच्या फोनला मी बोटसुद्धा लावलेलं नाही!"

"दोन्हीकडे एकच असतं ते. बरं, टेन्शन नका घेऊ. ट्रॅशमध्ये असतील. साठ दिवस राहतात."

काका खाली वाकून निधीच्या बिस्किटाचा चुरा वेचायला लागले.

"काका? ट्रॅश?"

"इंदुरात राहून कचरापेटी भरलेली कशी ठेवणार?" काका म्हणाले. हे त्यांनी ठासून म्हणायचं ठरवलं होतं, पण आवाज चिमणीसारखा आला.

शलाका ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्यासमोर माणूस मान खाली घालून उभा तरी राहू शकतो. ती फक्त म्हणाली, "निदान बघायचे तरी होते, काका. बारशाच्या फोटोंत काकू दिसल्या असत्या."

"मी शब्द दिला होता," काका म्हणाले. एवढं खरं बोलूनही इतकी लाज वाटू शकते, हे त्यांना पासष्टाव्या वर्षी कळलं.

मग काकांमधला रेकॉर्ड कीपर हलला. सरकारी कागद कधी एकटा नसतो. त्याच्या तळाशी "प्रतिलिपी" लिहून दोनचार नावं असतात, आणि मूळ कागद जळाला तरी कुणाच्या ना कुणाच्या कपाटात नक्कल सापडते.

"शलाका, त्याची प्रतिलिपी कुणाला गेली होती?"

"म्हणजे?"

"हे फोटो तू आणखी कुणाला पाठवलेस?"

"आईला. सगळं आईलाच पाठवते मी."

रजतने कपाळाला हात लावला. "आईंचा फोन दोन वर्षांपासून फुल आहे. किती वेळा म्हटलं साफ करून देतो, हातच लावू देत नाहीत!"

"देवमाणूस आहेत," काका म्हणाले आणि चपला घालायला लागले.

शलाकाची आई, वसुधाताई, इंदूरजवळच्या राऊला राहायच्या. गाडीत काका निधीसोबत मागे बसले आणि राऊ येईपर्यंत एका बोटाने लिहीत राहिले. गल्लीच्या ग्रुपवर मेसेज गेला. "वरील माणूस मीच आहे. चौकात कधी येऊ ते कळवावे. – बा. कृ. दिघे." उदयसिंहांनी त्याला नुसता अंगठा दिला. तो होकार होता की क्षमा, हे काकांना शेवटपर्यंत कळलं नाही.

वसुधाताईंनी दार उघडलं. फोन कापडी पिशवीत, पिशवी गळ्यात.

"आई, जरा फोन दे," शलाका म्हणाली.

"का? पुसायला?" त्यांनी पिशवी छातीशी धरली. "मी सांगून ठेवलंय, यातलं काही जाणार नाही!"

"ताई," काका पुढे झाले, "पुसायचं होतं ते मी पुसून आलो. तुमच्या मुलीचे सगळे फोटो माझ्या हातून गेले. माझ्या बायकोचा आवाजही त्यातच गेला. तुमच्याकडे असेल तर... फोन तुमच्याच हातात राहू द्या. मी लांबून बघतो."

वसुधाताईंनी त्यांच्याकडे क्षणभर बघितलं. मग पिशवीची नाडी सोडली.

शेवटच्या दोन वर्षांचं काही सापडलं नाही. ते गेलं ते गेलंच, आणि शलाकाने त्याबद्दल नंतर कधी शब्द काढला नाही, म्हणून काकांना ते आजही टोचतं. पण जन्म होता. पहिलं पाऊल होतं. आणि जुन्या मेसेजमध्ये बरंच वर गेल्यावर बारसं लागलं.

सुहासिनीकाकू हिरव्या साडीत, मांडीवर एवढीशी निधी. मागून शलाकाचा आवाज आला, "काकू, हिला काहीतरी सांगा ना!"

"काय सांगू? निधीबाई, खूप शिका. आणि नवरा पारखून घ्या! आमच्या यांनी लग्नाच्या पहिल्याच महिन्यात माझं माहेरचं घड्याळ दुरुस्तीला उघडलं. पस्तीस वर्षं झाली, अजून दुरुस्त होतंय!"

व्हिडिओतली सगळी माणसं हसली. त्या हशामागून एका पुरुषाचा रागावलेला आवाज आला, "अहो, एक स्प्रिंग सापडत नाहीये!"

वसुधाताईंनी पदर तोंडाला लावला. रजत भिंतीकडे वळून हसायला लागला. शलाकासुद्धा, नाक पुसता पुसता, हसली. काकांचे कान लालबुंद झाले. घड्याळ खरंच घरी होतं. चहाच्या डब्यात, एकवीस तुकडे.

"पुन्हा लावता का?" काका म्हणाले.

वसुधाताईंनी पुन्हा लावला. काकू पुन्हा तेच म्हणाल्या, माणसं पुन्हा तशीच हसली. तिसऱ्या वेळी वसुधाताईंचं बोट चुकलं आणि व्हिडिओ मध्येच अडकला.

"द्या इकडे, मी लावतो," म्हणत काकांनी हात पुढे केला.

"नाही!" तिघं एकदम ओरडली.

काकांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले, शिक्षा झालेल्या पोरासारखे खाली वाकले आणि कान फोनजवळ नेला.