चाकाचं लेखाशीर्ष

सरकारी रुग्णालयातल्या एकमेव स्ट्रेचरचं पुढचं डावं चाक निखळलं, तेव्हा प्रशासनाने जराही विचलित न होता तत्काळ एक टिपणी तयार केली. नव्या चाकाची किंमत एकशे ऐंशी रुपये.

लेखाधिकाऱ्यांनी चष्मा पुसून टिपणी वाचली. "चाक बदलणं म्हणजे दुरुस्ती. दुरुस्ती म्हणजे महसुली खर्च. आणि महसुलीत शिल्लक शून्य."

"मग हे चाळीस लाख कसले?" वॉर्डच्या सिस्टरनी वहीतल्या आकड्यावर बोट ठेवलं.

"ते भांडवली. वर्षानुवर्षं टिकणारी नवी वस्तू घ्यायला. त्यातून चाक घेतलं तर माझी पेन्शन अडकेल."

"म्हणजे चाक येणार नाही, पण अख्खं स्ट्रेचर येईल?"

"आत्ता कसं बोललात!"

तोवर वॉर्डबॉय मामांनी पेशंटना पाठुंगळी घेऊन तीन मजले चढावं, असं ठरलं. मामांचं वय सत्तावन्न. "दोन दिवसांचा प्रश्न आहे," असं त्यांना सांगण्यात आलं. तो प्रश्न पाच महिने टिकला. टिकाऊपणा पाहता तोही भांडवलीत धरायला हरकत नव्हती.

अखेर स्ट्रेचरं आली. एक नव्हे, वीस. कारण त्याहून कमी मागणीला निविदा काढता येत नाही. खोकी फोडली. एकाही स्ट्रेचरला चाकं नव्हती.

"बरोबरच आहे," लेखाधिकारी म्हणाले. "चाकं झिजतात. झिजणारी वस्तू मालमत्तेत कशी धरणार? ती महसुलीतून घ्यायची."

"आणि महसुलीत?"

"शून्य."

सिस्टरनी त्याच संध्याकाळी पदरमोड करून एक चाक आणलं आणि जुन्या स्ट्रेचरला बसवलं. आठ दिवस स्ट्रेचर रॅम्पवरून गरागरा धावलं. नवव्या दिवशी लेखापरीक्षक आले. सरकारी स्ट्रेचरला नोंद नसलेलं चाक! त्यांनी ते समक्ष काढायला लावलं आणि सिस्टरकडून लेखी खुलासा मागवला.

दुसऱ्या दिवशी जिन्यात मामांची पाठ गेली. पाठीवरच्या आजींना त्यांनी आधी अलगद पायरीवर टेकवलं, मग स्वतः कोसळले. चौघांनी त्यांना चादरीत घालून खाली आणलं. चादरीचं एक टोक सिस्टरच्या हातात होतं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

"यांचा खर्च कशात टाकू?" सिस्टरनी विचारलं.

लेखाधिकाऱ्यांनी मालमत्तेची यादी शेवटपर्यंत पाहिली. "यात नाहीत. म्हणजे दुरुस्तीच."

मामांच्या मुलाला बोलावून घेतलं. ऑपरेशनचा आकडा ऐकून तो खुर्चीवर बसला. "डॉक्टर, गोळ्यांवर नाही का भागणार? आत्ताच फ्लॅट बुक केलाय. फ्लॅटचं कसं, पैसे गुंतून राहतात. हे नुसतेच जाणार."

मामा पलीकडच्या कॉटवर होते. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मुलाला नावं ठेवू नका. तुमच्या आईच्या गुडघ्याचं काय ठरलं? नवी गाडी आली की बघू म्हणाला होतात.