तारखांचा थोरला दरवाजा बंद जाहला त्याची हकीकत

श्रीगजवदनास आणि अखंड वीजपुरवठ्यास नमन करून लिहितो ऐसे जे, राज्यशक सत्तावीस, तिथी नक्की, तारीख संशयित. भूत, भविष्य आणि वर्तमान ज्याचे दारी चाकरीस उभे, ऐसे एक राज्य संगणकाचे पोटी नांदत होते, आणि त्याचे एकंदर वजन दोन मेगाबाइट. प्रोग्राम लिहिणारे त्यास लायब्ररी म्हणत. कोणास तारीख हवी जाहली की थोरल्या दरवाजाशी यावे, 'नवी' म्हणून हाक द्यावी, आकडे आत टाकावे, आणि मग धुक्यातून तारीख चालत बाहेर यावी. महिना आधी, दिवस मागून, ऐसा आतला रिवाज. परंतु बाहेर तैसे लिहिले नव्हते आणि दरवाजा कोणास काही पुसत नसे.

खाडीकाठचे धोंडोपंत खांबेटे या दरवाजाचे जुने गिऱ्हाईक. त्यांचा प्रोग्राम देवळापुढील विजेच्या पाटीवर संकष्टीचा चंद्रोदय सांगे, आणि पावसाळी ढगांत चंद्र दिसेना, सबब गाव पाटी पाहून उपास सोडी. एके संकष्टीस पंतांनी तीन जुलै म्हणून आधी तीन टाकिले, मग सात, आणि दरवाजाने सात मार्च बाहेर धाडिला, आणि पाटीवर सव्वासातालाच चंद्र उगवला. गाव मोदक जेविले. मग साडेनवास ढग फाटले आणि खाडीवर चंद्र हळूच वर आला, ओशाळल्यासारखा. पंतांचे कुटुंब उमाबाई, चाळीस वर्षांत एक संकष्टी मोडली नव्हती, त्या गच्चीवरून बोलिल्या, "अहो, मग मघाशी नैवेद्य कोणाला दाखवला आपण? पुढच्या खेपेपासून मी पंचांग बघेन." हा घाव पंतांस तोफेहून भारी जाहला.

पंतांनी राज्याच्या कारभारीण केतकीबाई गुळवणे यांस पत्र लिहिले. बाईंनी दरवाजास खिळे ठोकविले आणि कारखाना मांडिला, त्यास नावानिशी खिडक्या: 'दिवस आधी', 'महिना आधी', आणि एक नुसती 'आज'. परंतु पंतांच्या प्रोग्रामात जुन्या दरवाजास तीनशे बारा हाका होत्या, आणि खिळ्यांसरशी पाटी मुकी जाहली. संकष्टी चार दिवसांवर.

पंत फोनवर म्हणाले, "तक्रार मी केली, आणि शिक्षाही मलाच होय?"

बाई म्हणाल्या, "काका, दरवाजा उघडला तर पुन्हा मार्चातला चंद्र येईल. काकूंना काय सांगाल?"

पंतांनी फोन ठेविला. मग एकेक हाक उचलून खिडकीवर नेत बसले, आणि तीनशे अकरा जाहल्या, आणि शेवटची सापडेना. मग दुपारच्या डुलकीत ती हाक 'नवी, नवी' करीत खाडीच्या पाण्यावरून चालताना दिसली, आणि पंत तिचे मागे गेले, आणि जागे होऊन पाहतात तो लग्नाच्या वाढदिवसाची आठवण देणाऱ्या प्रोग्रामाच्या ओळीत ती दडलेली. दोन मेचे लग्न तिने एकवीस वर्षे पाच फेब्रुवारीस सांगितले होते. उमाबाईंस ठाऊक होते. दरसाल फेब्रुवारीत गजरा घेऊन गप्प राहिल्या होत्या.

संकष्टीस पाटीवर नऊ एकतीस आले. उमाबाईंनी पंचांग उघडिले, पाहिले, मिटिले, आणि पाटीकडे पाहून पाने मांडिली.

येणेप्रमाणे दरवाजा गेला, कारखाना राहिला, आणि चंद्र आपले जागी आला. उमाबाईंची एक अर्जी मात्र कारभारीणबाईंस पोचवणे: "चंद्राचं झालं ते छान झालं. मोदक उकडायला कधी ठेवायचे, तेवढी एक खिडकी काढता आली तर बघा."