पश्चिमेचा दरवाजा

सॉमरसेटमधल्या हॅदरकोम हॉल या हॉटेलच्या भोजनगृहाला दोन दरवाजे आहेत. त्यांपैकी एक उघडतो.

हा दोष नव्हे, वास्तुशैली आहे. १७६८ साली हे घर बांधणाऱ्या गृहस्थांचा, जॉर्जियन काळातल्या सगळ्याच सभ्य माणसांप्रमाणे, सममितीवर विश्वास होता. पूर्वेला दरवाजा, तर पश्चिमेलाही हवाच. पलीकडे जायला जागा नव्हती. म्हणून महोगनीचा दरवाजा, पितळी मूठ, किल्लीचं भोक असं सगळं साग्रसंगीत बसवलं आणि मागची दोन फुटी विटांची भिंत तशीच ठेवली.

सप्टेंबरात अग्निसुरक्षा अधिकारी मिस्टर गॉसलिंग यांनी खुर्च्या मोजल्या. साठ.

"साठ माणसांना बाहेर पडायला दोन दरवाजे लागतात, मॅडम. शुक्रवारपर्यंत दाखवा, नाहीतर हॉटेल बंद."

मालकीणबाई मिस पेनहॅलो यांना हॉटेलखेरीज दुसरं घर नव्हतं. नवा दरवाजा काढायची परवानगी मागायला त्या तडक जुन्या वास्तू जपणाऱ्या वारसा कार्यालयात गेल्या.

"भिंत फोडता येणार नाही. भिंत मूळची आहे," तिथले मिस्टर टटिल म्हणाले.

"मग त्या खोट्या दरवाजामागच्या विटा तरी काढू द्या."

मिस्टर टटिल दुखावले. "तो दरवाजा अस्सल खोटा आहे, मॅडम. खरा केलात तर नकली होईल."

मात्र त्यांनी वारसा नोंदीची प्रत दिली. तीत लिहिलं होतं : 'पश्चिमेचा दरवाजा. स्थिती उत्तम.' अडीचशे वर्षांत कोणी तो उघडला नव्हता, त्यामुळे झीज झालीच नव्हती.

मिस्टर गॉसलिंगनी नोंद वाचली, अर्जावर 'दुसरा दरवाजा : आहे' असं लिहिलं. 'उघडतो का' असा रकाना अर्जात नव्हता. दरवाजावर पाटी लागली : 'संकटकाळी इकडून'. मिस्टर टटिल यांच्या आग्रहामुळे ती दरवाजाच्याच रंगाची होती.

उरली होती आगीच्या वेळी बाहेर पडायची कवायत. शुक्रवारी दुपारी, सूप वाढून झाल्यावर घंटा वाजली. तीस पाहुणे पूर्वेच्या दरवाजाने हिरवळीवर गेले. उरलेल्या तिसांनी पश्चिमेच्या दरवाजापुढे रांग लावली.

"तुम्ही व्हा पुढे."

"छे, छे, तुम्ही आधी आलात."

सर्वांत पुढे एक निवृत्त कर्नल होते. त्यांनी मूठ फिरवली, पुन्हा फिरवली. मग मागे एकोणतीस माणसं आहेत हे ध्यानात घेऊन ते हळूच म्हणाले, "जरा अडकलंय. उघडेल कोणीतरी." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि हवापाण्याच्या गप्पा सुरू झाल्या.

तीन मिनिटं झाली. मिस्टर गॉसलिंगनी घड्याळ थांबवलं. "सगळ्या खुर्च्या रिकाम्या. उत्तीर्ण!"

पूर्वेच्या दारातून डोकावणारी स्वयंपाकीणबाई मिसेस मॅबट ओरडली, "अहो, डोळे फुटले का? माणसं आतच आहेत की!"

"पण शिस्तीत आहेत," मिस्टर गॉसलिंग म्हणाले आणि सही करून निघून गेले.

हॉटेल वाचलं. आता खरं सांगून टाकावं म्हणून मिस पेनहॅलो रांगेच्या पुढे जाऊ लागल्या. टोपीवाल्या एका आजींनी छत्री आडवी धरली. "बाई, मध्ये घुसताय? आम्ही काय वेडे म्हणून उभे आहोत?"

"माफ करा," मिस पेनहॅलो लाजून म्हणाल्या आणि शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. मालकीणच रांगेत आहे हे खिडकीतून पाहून हिरवळीवरचे तीसही आत आले आणि त्यांच्या मागे रांगेत उभे राहिले.

तेवढ्यात मिसेस मॅबटची आरोळी आली, "बाईसाहेब, स्वयंपाकघरानं पेट घेतलाय! खरंच धूर येतोय!"

"बघा," कर्नल समाधानानं म्हणाले, "वेळेवर रांग लावली म्हणून बरं."

हसताय? खुशाल हसा. पण सध्या ज्या रांगेत उभे आहात, तिच्या टोकाचा दरवाजा उघडताना तुम्ही कधी पाहिलाय? नसेल, तर निदान पुढच्याला ढकलू नका.